परीक्षकाने हुंकार देऊ नये

उधवा, २२ जानेवारी २०१८

चि. धर्मेश,

सव्वादोन वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा पहिल्याच ओळीत भांडायचं नाही असं ठरवलं होतं. पहिली ओळ झाली. आता भांडते.

तुमच्या संस्थेचा कागद शनिवारी शाळेत आला. ‘तोंडी इंग्रजी : गोष्ट सांगणे’ या चाचणीत आमच्या पाचवीच्या एकोणीस मुलांपैकी एकोणीस मुलं ‘प्रारंभिक’ गटात. प्रारंभिक म्हणजे काय, ते खाली बारीक अक्षरात छापलं आहे : ‘एका वाक्यापलीकडे बोलू शकत नाही.’ एकोणीसच्या एकोणीस! इतकं एकमत आमच्या पाड्यावर लग्नाच्या तारखेवरसुद्धा होत नाही. मुख्याध्यापकांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मूळच्या संस्कृतच्या ना?" पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. म्हणजे तेही प्रारंभिक गटातच.

हो, मी संस्कृतची. सुकटीच्या वासात बसून रूपं पाठ केलेली, आईने "देवाची भाषा शिकून मासळी काय देवाला विकणार?" असं विचारलेली तीच निर्मला तांडेल. इंग्रजीला माणूस मिळाला नाही म्हणून इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं, हे तुला ठाऊक आहे. माझे उच्चार कसे आहेत, हेही तुला ठाऊक आहे. ते तू साठ शिक्षकांना ठाऊक करून दिलंस. तो विषय आज काढत नाही.

आजचा विषय मुलं. पहिल्या वर्षी मी धडा वाचायचे, मुलं घोकायची, आणि मधल्या सुट्टीत धडा खिचडीबरोबर पचून जायचा. आमची खिचडी शिजवायला पुतळीमावशी येते. तांदूळ निवडताना ती पोरांना गोष्टी सांगते. सांगण्याची रीत अशी, की तिने एक वाक्य म्हणायचं आणि पोरांनी "हं" म्हणायचं. "हं" आला नाही की मावशी सूप खाली ठेवते. "मेला काय रं सगळी?" मग असा हुंकार येतो की पत्र्यावरचे कावळे उडतात. मी दाराशी उभी राहून हे महिनाभर पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. माझ्या तासाला उडालेला कावळा मी एकही पाहिला नव्हता.

मग मावशीच्याच गोष्टी घेतल्या. आधी मुलं त्यांच्या बोलीत सांगत, मग माझ्या मराठीत, मग हातवारे करत इंग्रजीत. आडवा चालणारा खेकडा बहिणीच्या घरी निघतो आणि दर वेळी शेजारणीच्या घरी पोचतो, ती गोष्ट. वर्गाने "हं"च्या जागी "यस" म्हणायचं. दीड वर्ष हे चाललं. हाल्याची नवशी त्या खेकड्याला बारा मिनिटं चालवते. गेल्या महिन्यात तिने त्याला गुजरातच्या नाक्यावर नेलं, आणि तिथल्या हवालदाराने त्याच्याकडे लायसन मागितलं. लायसनवरचा फोटो समोरून काढलेला, हा मात्र आडवा, म्हणून अडवला. हे सगळं इंग्रजीत, धर्मेश. चुकीच्या इंग्रजीत, पण बारा मिनिटं.

ती एका वाक्यापलीकडे बोलू शकत नाही म्हणे.

आणि हा कागद नुसता कागद नाही. आशागडच्या पुढच्या निवासी शाळेत आपल्या तालुक्यातल्या चार मुलींना सहावीत जागा आहे, आणि त्या मुली तुमच्या चाचणीवरून निवडायच्या आहेत. हाल्याने मला स्पष्ट सांगितलंय, "जागा भेटली तर जाईल. नाय भेटली तर दिवाळीनंतर आमच्यासंगं वीटभट्टीवर. बारक्याला सांभाळायला कोण?" तो वाईट बाप नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता सरळ आहे. वाकडा झाला तो तुमचा.

मला कारण हवं आहे. आशीर्वाद कारण मिळाल्यावर.

ताई

*

उधवा, ९ फेब्रुवारी २०१८

धर्मेश,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, तुमच्या नियमपुस्तकाच्या सातव्या पानाची झेरॉक्स. ‘मूल गोष्ट सांगत असताना मूल्यमापकाने मान हलवू नये, हुंकार देऊ नये, चेहऱ्यावर पसंती वा नापसंती दाखवू नये.’ आणि वर तुझ्या हिरव्या पेनाने : ‘ताई, नियम सगळ्यांना सारखाच.’

आमच्या शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगल्या शब्दांत सांगायचं. सांगते. एक परीक्षक हसरा, एक आंबट चेहऱ्याचा. हसऱ्यापुढे मूल खुलेल, आंबटापुढे मिटेल. म्हणून दोघांनीही दगड व्हावं. युक्तिवाद चांगला आहे. फक्त त्यात माणूस दगडाला गोष्ट सांगतो हे गृहीत धरलं आहे. संस्कृतात मौनाची स्तुती करणारी सुभाषितं पोत्याने आहेत. त्यातलं एकही परीक्षकासाठी लिहिलेलं नाही.

चाचणीच्या दिवशी मी पडवीत होते. मुलांनी एकेकटं आत जायचं आणि शिक्षकाने आत यायचं नाही, हाही नियम. त्यामुळे आत काय झालं ते मला काल कळलं. नवशीला पाण्याच्या टाकीपाशी गाठली.

"काय झालं गं त्या दिवशी आत?"

"काय नाय."

"गोष्ट का नाही सांगितलीस?"

"सांगत होती ना! त्या मॅडमला नको होती."

"कशावरून?"

"मी बोलली, वन क्रॅब वॉज गोइंग टू हिज सिस्टर्स हाउस. मंग थांबली. ती पण थांबली. मी वाट बघितली. ती नुसती बघते, आपण बघावं ना मेलेल्या सापाकडं, तशी."

"मग?"

"मंग मी विचारलं तिला."

"काय विचारलंस?"

इथे पोरीने कमरेवर हात ठेवला. अगदी पुतळीमावशी.

"मॅडम, यू आर स्लीपिंग? से यस, मॅडम. नो यस, नो स्टोरी. आय अ‍ॅम वेटिंग. यू आर रायटिंग, रायटिंग. व्हॉट आर यू रायटिंग? आय टोल्ड ओन्ली क्रॅब!"

धर्मेश, मोज. मी मोजली. गोष्टीचं एक वाक्य, आणि त्यानंतर पाठ न केलेली, कुणी न शिकवलेली, रागातून आलेली सात. एका परक्या बाईला परक्या भाषेत अकरा वर्षांची मुलगी दमात घेते आहे. तोंडी भाषा म्हणतात ती आणखी कशाला? तुम्ही पुण्याहून चाचणी आणली ती हेच मोजायला ना? तुमच्या मूल्यमापक रुपलताईंनी शेऱ्यात लिहिलंय : ‘विषयांतर.’

बाकीच्या अठरांचंही तेच. एक वाक्य बोलले, "यस"ची वाट पाहिली, तो आला नाही, म्हणून गप्प बसले. रघ्या तर समोरच्याला कंटाळा आला असं समजून "सॉरी" म्हणून बाहेर आला. पोराने माफी मागितली, आणि तुम्ही त्याला शून्य दिलं.

तुमच्या मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रित आहे, असं त्याच सातव्या पानावर लिहिलंय. तू ऐक. हाताखालच्या माणसाला ऐकायला सांगू नकोस. स्वतः, शेवटपर्यंत.

ताई

*

उधवा, ३ मार्च २०१८

धर्मेश,

परवा तुझा फोन आला तेव्हा "यू आर स्लीपिंग" सांगताना तू हसलास, म्हणून मी फोन ठेवला. मुख्याध्यापकांना वाटलं रेंज गेली. नंतर लक्षात आलं, तू तिला हसत नव्हतास. पण तुझं हसणं मी एकदा साठ माणसांत ऐकलं आहे आणि माझ्या कानाला फरक कळायला वेळ लागतो.

२४ तारखेला चारोटीला फेरचाचणी होईल, पण फक्त जागेसाठी नाव दिलेल्या मुलींची, आणि सातवं पान तसंच राहील, हा तुमच्या समितीचा निर्णय मला कळला. म्हणजे चूक झाली हे मान्य, ती कायम ठेवण्याची सोयही मान्य. बाकीच्या अठरांचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तू "पुढच्या वर्षी बघू" म्हणालास. पुढच्या वर्षी ती सहावीत असतील आणि त्यांच्या नावापुढचं ‘प्रारंभिक’ही त्यांच्याबरोबर सहावीत जाईल. हा राग मी जपून ठेवला आहे, त्याचा विषय निघेलच.

आज दुसरंच लिहायचं आहे आणि ते लिहायला मला दोन दिवस लागले.

तुझ्या फोननंतर मी पुतळीमावशीला विचारलं, "मावशी, पोरांनी हं म्हटलं नाही तर तू गोष्ट बंद करतेस ना?" मला साक्षीदार हवा होता. समितीला लिहायचं होतं की ही इथली रीत आहे, तुम्ही रीतीला शून्य दिलंत.

मावशी म्हणाली, "मी कवा बंद केली? दम देते फकस्त. पोरं झोपली तरी मी सांगते. अर्ध्यात सोडली तं गोष्टीतली माणसं वाटंत नाय अडकायची?"

तर हुंकार मावशीचा. हुंकार आला नाही तर तोंड मिटायचं, हा नियम माझा. ‘नो यस, नो स्टोरी’ मी फळ्यावर लिहिलं होतं. दीड वर्ष. एखादं मूल "यस"ची वाट न पाहता पुढे गेलं की मी त्याला हाताने थांबवत असे. अख्खा वर्ग कान देईपर्यंत सांगणाऱ्याने बोलायचं नाही. वर्ग ताब्यात राहतो म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही.

पण खरं हे, की नोव्हेंबर २०१५ मध्ये डहाणूच्या त्या प्रशिक्षणात तू मला उभं करून उतारा वाचायला लावलास. मी वाचला. तू माझा प्रत्येक शब्द माझ्याच सुरात परत म्हटलास आणि शेवटी "आमच्या ताईसारखं बोलायचं नाही, एवढं पाळा" म्हणालास. लोक हसले. तुला वाटलं, बहीण आहे, चालतं. मी त्या गोंगाटात उतारा शेवटपर्यंत वाचत राहिले, धर्मेश. मला थांबता आलं नाही, याची लाज मला हसण्यापेक्षा जास्त वाटली. परत येताना एसटीत ठरवलं, की माझ्या वर्गात ऐकणारं कुणी नसेल तर कुणी बोलणार नाही.

आता तुझा नियम आणि माझा नियम एका खोलीत समोरासमोर बसले, आणि मध्ये नवशी होती.

हे मी गेल्या दोन पत्रांत लिहिलं नाही. आज लिहिलं. याने तुमचं सातवं पान बरोबर ठरत नाही.

ताई

*

तलासरी, २६ मार्च २०१८

धर्मेश,

तालुक्याला कामाला आले होते, बस यायला वेळ आहे, म्हणून इथूनच.

तीन आठवडे मी नवशीला न थांबायला शिकवलं. पहिल्या दिवशी म्हटलं, "आता कुणी यस म्हणणार नाही. तरी सांगत जायचं."

"मंग सांगू कोणाला?"

"कुणालाच नाही. नुसती सांग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन वर्षं लहान झाले. शेवटी तिला टाकीपुढे उभी केली. टाकीला सांग.

"टाकीला इंग्लिश येते?"

"नाही. म्हणून तर ती मध्ये बोलणार नाही."

पहिले चार दिवस वाक्य संपलं की पोरीची मान आपोआप वर व्हायची. मी मागे उभी राहून "पुढे, पुढे" करत असे. घाण्याला बैल फिरवतात तसं. मावशी चुलीपासून बघत होती. एकदा म्हणाली, "बाई, पोरीला भूत लागलं काय? टाकीशी बोलते." मी म्हटलं, परीक्षा आहे. "आसंल," मावशी म्हणाली आणि फुंकणी उचलली. तिच्या त्या "आसंल"मध्ये जे होतं, ते मला तुमच्या समितीच्या बैठकीत ऐकवायचं आहे. दहाव्या दिवशी मान वर व्हायची थांबली.

परवा हाल्या स्वतः आला, रोज बुडवून. जीपने चारोटीला उतरलो. खाली वडापाव आणि पंक्चरवाला, वर तुमची खोली. नवशी आत गेली. मी जिन्यात. दाराला फट होती आणि मी नियम मोडून कान लावला. आता कळव समितीला.

सहा मिनिटं. एकदाही अडली नाही. खेकडा निघाला, पोचला, परत निघाला. नाक्यावरचा हवालदार आला, पण लायसनवर जिथे आमचा अख्खा वर्ग लोळतो, तिथे ती श्वाससुद्धा न घेता पुढे गेली.

रुपलताई तिच्या मागोमाग बाहेर आल्या. वलसाडकडची मुलगी आहे, पंचवीसची असेल. जिन्यात मला हळूच म्हणाली, "मॅडम, मला तर पहिल्याच टाइमला हसू येत होतं. नख टोचून बसली होती." तिने तळहात पुढे केला, जणू खूण अजून असेल. तिच्यावर माझा राग होता तो तिथेच उतरला. तो आता सगळा तुझ्या वाट्याला.

हाल्याने विचारलं, "झालं बरोबर?" नवशी म्हणाली, "झालं." आणि वडापाव मागितला.

ताई

*

उधवा, १२ जून २०१८

धर्मेश,

निकाल मिळाला. नवशी हाल्या, गट : ‘प्रवाही’. चौघींत पहिली. जागा पक्की. शुक्रवारी हाल्या तिला आशागडला सोडून येईल. बारक्याला आता त्याची आत्या सांभाळेल, हेही ठरलं. जे हवं होतं ते झालं आहे आणि मी पेढे वाटले आहेत. एवढं नीट लिहून झालं, आता पुढचं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गोष्टीचा तास होता. मुलांनी ओरडून नवशीचंच नाव घेतलं. ती उभी राहिली. वन क्रॅब वॉज गोइंग टू हिज सिस्टर्स हाउस. वर्ग म्हणाला, "यस!" पण तोवर ती दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर होती. पुढचा "यस" तिसऱ्या वाक्यावर आदळला. मुलांनी आवाज चढवला, तिने वेग वाढवला. दोनचार मुलं म्हणत राहिली, मग एकटा रघ्या, मग कुणीच नाही. दुसरीतली काळी, जी नवशीच्या गोष्टीसाठी आमच्या वर्गात येऊन बसते, ती म्हणाली, "नवशे, थांब ना गं, मी येते ना!" नवशी थांबली नाही. तिची नजर पोरांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर होती. सहा मिनिटांत खेकडा घरी पोचवला आणि खाली बसली. व्याकरण पहिल्यापेक्षा शुद्ध होतं. रेल्वे स्टेशनवर गाडी किती उशिरा येणार ते सांगतात ना, तशी शुद्ध.

तासानंतर मी तिला म्हटलं, "अगं, ही आपली मुलं. यांच्यापुढे थांबायचं."

"टाकीपुढं नाय थांबायचं, मॅडमपुढं नाय थांबायचं, इथं थांबायचं," ती म्हणाली. "बाई, तुम्ही एक कायतरी ठरवा."

मी इतकं संस्कृत शिकले, धर्मेश, त्यात या मुलीला द्यायला एक वाक्य नव्हतं. मग मे महिन्याची सुट्टी लागली.

मी हे माझ्या हातांनी केलं आणि तिची जागा मिळवण्यासाठी पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करेन. म्हणूनच मला चीड येते. दोन मिनिटं मान हलवायला तुमचं काय जात होतं? सातवं पान बदलण्याबद्दल तू समितीला टिपण दिलंस म्हणतोस. त्याची प्रत मला पाठव, मुख्याध्यापकांच्या नावाने नको, माझ्या नावाने. त्यात अठरा मुलांची फेरचाचणी हा मुद्दा नसेल तर तो घालून मग पाठव. नावं सोबत जोडली आहेत. रघ्याच्या नावापुढे मी ‘माफी मागून बाहेर आला’ असं लिहिलंय. ते खोडू नकोस.

आणि दुसरं काम. निवासी शाळेत भेटीची वेळ रविवारी दहा ते बारा. हाल्याला दर रविवारी जमणार नाही, मला इथून दोन गाड्या बदलाव्या लागतात. तू पालघरला राहतोस. तुला फारतर पाऊणएक तास. ओळखपत्रासाठी दोन फोटो लागतात, पालकाच्या चिठ्ठीवर हाल्याचा अंगठा मी घेऊन ठेवला आहे. चिठ्ठी याच पाकिटात आहे, चुरगळू नकोस. येणाऱ्याचं नातं या रकान्यात मी ‘मामा’ लिहिलं आहे.

जाऊन तिच्यासमोर बस आणि गोष्ट सांग म्हण. ती सांगेल. पहिल्या वाक्यानंतर ती थांबणार नाही, तेव्हा तू मधेच तोडून मोठ्याने "यस" म्हण. दुसऱ्या वाक्यालाही म्हण. तिला राग येईल. तुला इंग्रजीत काहीतरी ऐकवेल, आणि ते सहा मिनिटांच्या गोष्टीपेक्षा बरं असेल. येऊ दे राग. पुढच्या रविवारी परत जा.

तुझी ताई